थुंकी निगेटिव्ह, सीबीनॅट पॉझिटिव्ह : खरं कुठलं?

टीबीच्या तपासणीत वडिलांची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह आली आणि त्याच आठवड्यात सीबीनॅट ही यंत्रावरची डीएनए-तपासणी पॉझिटिव्ह, तेही 'व्हेरी लो', म्हणजे जंतू अगदी कमी. कुठली तपासणी चुकली, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक कुठलीच नाही. माझी सगळी नोकरी क्षयरोगाच्या लॅबमध्ये थुंकीच्या काचा (स्लाइड) रंगवण्यात झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेडका काचेवर पसरून वाळवायचा, कार्बोल फ्यूशिन हा लाल रंग ओतायचा आणि खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग आम्लाने धुवायचं आणि वर मेथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी, म्हणजे टीबीचा जंतू, दिसली की झालं काम. पण ती दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. निगेटिव्ह म्हणायच्या आधी १०० फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा काचेचा भाग) बघायची असतात. दिवसातल्या चाळिसाव्या काचेला ती किती मन लावून बघितली जातात, ते आमचं आम्हाला माहीत!

सीबीनॅट जंतू बघत नाही, त्याचा डीएनए वाढवून ओळखतं. मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतूही त्याला पुरतात आणि दोन तासांत उत्तर येतं. तुमच्या वडिलांचे जंतू या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात असणार. आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅटही याच जातीचं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं.

आता यातली मेख. डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. वडिलांना पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, 'व्हेरी लो'चा अर्थ त्यावर बदलू शकतो. उपचार लागू पडताहेत का, हे बघायला पुन्हा सीबीनॅट करत नाहीत तेही याचसाठी. तिथे आमची जुनी काच आणि कल्चरच कामाला येतं.

कल्चर म्हणजे जंतू प्रत्यक्ष वाढवून बघणं. मिलिलिटरमध्ये दहा-वीस जिवंत जंतू असले तरी पकडतं, पण वेळ खातं. द्रव माध्यमाच्या नळीत, म्हणजे एमजीआयटीत, निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस, अंड्याच्या घट्ट एलजे माध्यमावर आठ आठवडे. तोवर गोळ्या अडवून ठेवत नाहीत, पण नमुना मात्र पाठवायला सांगा. कारण नेहमीचं सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही तेवढं सांगतं. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधासाठी एलपीए (पट्टीवर डीएनए तपासणारी चाचणी) लागते. ती थेट बेडक्यावर नीट चालते ते काच पॉझिटिव्ह असेल तर, एरवी आधी कल्चर वाढावं लागतं. तुमच्याकडे हा दुसरा रस्ताच दिसतोय.

आणि नमुना देताना सकाळी उठल्याउठल्या साध्या पाण्याने चूळ भरून, दोनतीनदा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढायला सांगा. डबीत फेसाळ लाळ आली तर भारीतलं यंत्रही काही करू शकत नाही.