बिल्ल्यावरची तारीख आणि बिल्ल्याची तारीख

संग्राहकांची विचारपूस : रशियन पाणबुडी दुर्घटनांचे बिल्ले आणि पदकं

प्रश्न : ऑनलाइन लिलावात ‘के-१९, ४ जुलै १९६१’ असा बिल्ला घेतला. पितळी, निळा-पांढरा मीना, मागे दोन टोचण्या आणि दाबून बसणाऱ्या क्लिपा. विक्रेत्याने ‘मूळ सोव्हिएत, १९६१’ लिहिलं होतं. खरंच त्या काळचा असेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. आणि हे सांगायला भिंगसुद्धा लागत नाही.

४ जुलै १९६१ रोजी सोव्हिएत अणुपाणबुडी के-१९ च्या अणुभट्टीची शीतक नळी गळली. खलाशांनी आत जाऊन तात्पुरती पाण्याची जोडणी केली आणि त्यातले आठजण किरणोत्सर्गाने पुढच्या काही आठवड्यांत गेले. ही सगळी हकिगत गुप्त होती. जी घटना सरकारदरबारी घडलीच नव्हती, तिचा बिल्ला टांकसाळीत कोण पाडणार? के-१२९ (१९६८, ९८ मृत्यू) आणि के-८ (१९७०, ५२ मृत्यू) यांचंही तेच. के-१२९ च्या खलाशांच्या घरी गेलेल्या कागदावर फक्त ‘मृत मानण्यात आले’ एवढंच होतं. या बोटींचे स्मृतिबिल्ले निघाले ते सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, बहुतेक माजी खलाशांच्या संघटनांसाठी किंवा सरळ संग्राहकांच्या बाजारासाठी. तेव्हा बिल्ल्यावरची तारीख दुर्घटनेची, बिल्ल्याची नव्हे. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की निम्मी फसवणूक तिथेच टळते.

तुमच्या बिल्ल्याची पाठही तेच सांगते. सोव्हिएत काळातल्या चांगल्या, मान म्हणून दिलेल्या बिल्ल्यांना मागे स्क्रू आणि गोल चकती असे. स्वस्त बिल्ल्यांना आडवी पिन. त्या स्वस्त मालाच्या पाठीवर पुष्कळदा कोपेकमधली किंमतही ठोकलेली सापडते. दोन टोचण्या आणि दाबाच्या क्लिपा हा रशियन बिल्ल्यांत नंतरच्या काळातला सर्रास प्रकार. मात्र उलटं धरू नका : स्क्रू दिसला म्हणजे जुना, असं नाही. आजचे कारखानेही हौसेने स्क्रू लावतात.

मग झेंडा बघा. पांढऱ्यावर निळी तिरकी फुली म्हणजे सेंट अँड्र्यूचा ध्वज, तो नौदलात परत आला १९९२ मध्ये. तो असेल तर बिल्ला त्यानंतरचा, विषय संपला. पांढरा झेंडा, खाली निळी पट्टी, लाल तारा आणि कोयता-हातोडा असेल तर तो सोव्हिएत नौदलाचा. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बोट त्या झेंड्याखाली होती म्हणून आजचा कारागीरही तोच काढतो. झेंडा बिल्ल्याला तरुण ठरवू शकतो, म्हातारा ठरवू शकत नाही.

मीन्याकडे दहापट भिंगातून, प्रकाश तिरका पाडून बघा. भट्टीतला मीना म्हणजे काच : धातूच्या कडेशी सपाट, क्वचित टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा, ओरखडा जवळजवळ नाही. थंड मीना म्हणजे राळ : खणात किंचित खाली बसलेला, कडेला वर चढलेला, बारीक ओरखड्यांनी भरलेला. सुई तापवून टोचण्याचा उद्योग करू नका. उत्तर मिळतं, पण भोकही राहतं.

हे सगळं वाचून बिल्ला फेकू नका. माजी खलाशांच्या संघटनेने काढलेला असेल तर त्याला त्याचं स्वतःचं मोल आहे. फक्त १९६१ ची किंमत देऊ नका.

प्रश्न : ‘कोम्सोमोलेत्स पाणबुडीच्या टायटॅनियमचा’ असं सांगून एक बिल्ला विकायला आला आहे, आणि दुसरा ‘कुर्स्क पाणबुडीच्या पोलादाचा’. घरी तपासता येईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : धातू कोणता ते घरी कळेल. तो कुठून आला ते कळणार नाही, आणि विक्रेता पैसे मागतोय ते या दुसऱ्या गोष्टीचे.

धातू ओळखायला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. चकती किंवा क्लिपा काढून बिल्ला कोरडा तोला. समजा २० ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्य करा, आणि बिल्ला बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तो बिल्ल्याने सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच बिल्ल्याचं घनफळ. २० ग्रॅमचं पितळ साधारण २.४ दाखवेल, पोलाद २.५ च्या आसपास, टायटॅनियम ४.४, ॲल्युमिनियम ७.४. चूक होते ती बुडबुड्यांमुळे : ते पिनच्या खोबणीत अडकतात, आकडा वाढतो आणि पितळ हलकं भासतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, बिल्ला हलवून बुडबुडे झटका. मीना जाड असेल तर आकडा थोडा सरकतोच, कारण काच पितळेपेक्षा खूप हलकी. काम झाल्यावर लगेच टिपून पुसा; रिबन असलेलं पदक मात्र पाण्यात घालूच नका.

आता आकडा टायटॅनियमचा आला तरी? कोम्सोमोलेत्स (के-२७८) ७ एप्रिल १९८९ रोजी आग लागून नॉर्वेजियन समुद्रात बुडाली, ६९ पैकी ४२ जण गेले. तिचं टायटॅनियमचं कवच आजही साधारण १,६८० मीटर खोल आहे. त्याचे तुकडे बिल्ल्यासाठी कोणी कापून आणलेले नाहीत. टायटॅनियमचे सुटे पत्रे बाजारात हवे तेवढे मिळतात.

कुर्स्कचं प्रकरण जरा फसवं आहे, कारण ती खरोखर वर काढली गेली. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात १०८ मीटरवर बुडाली, ऑक्टोबर २००१ मध्ये पुढचा भाग तळाशी सोडून बाकीचा सांगाडा उचलला आणि मुर्मान्स्क भागातल्या गोदीत तोडला. त्यामुळे तिचं पोलाद जगात आहे, हे खरं. पण लोहचुंबक लावून ते ठरत नाही : या जातीच्या बोटींचं बाहेरचं कवच मुद्दाम कमी चुंबकीय पोलादाचं होतं, आतलं, पाण्याचा दाब पेलणारं कवच वेगळं. चिकटलं तरी विक्रेता ‘आतलं’ म्हणेल, नाही चिकटलं तर ‘बाहेरचं’. गोदीपासून बिल्ला पाडणाऱ्यापर्यंतचा कागद नसेल तर साध्या बिल्ल्याचा भाव द्या.

प्रश्न : काही बिल्ल्यांवर हिरवं चढलंय, दोन चिकट झालेत. पितांबरीने घासू का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : समई घासा, बिल्ला नको. सोव्हिएत आणि रशियन बिल्ल्यांवर सोनेरी मुलामा अगदी पातळ असतो. एकदा पावडर फिरली की उंच भागावरचा मुलामा जातो, आणि पुढे तो बिल्ला जन्मभर टक्कल पडल्यासारखा दिसतो. चिंच, लिंबू यांचंही तसंच, शिवाय आंबट मीन्याच्या कडेतून आत शिरतं.

चिकटपणा बहुधा बिल्ल्याचा नाही, पिशवीचा. मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटातून तेलकट द्रव सुटतो आणि पितळेवर हिरवं चढतं, कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कळकते तसं. आधी पाकीट फेका. चिकटपणा उतरवायला कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पण भट्टीच्या मीन्यावरच. थंड मीना, रंग किंवा वर चढवलेला पारदर्शक थर असेल तर फक्त ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि लगेच कोरडं. हिरवी पूड लाकडी टूथपिकने कोरडीच सोडवा; धातूची सुई वापरू नका.

ॲल्युमिनियमचे हलके बिल्ले तुमच्याकडे जास्त बिघडतील. पोलादी पिन आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे भेटतात तिथे खारी हवा काम करते आणि पांढरी पूड येते. ती झटका, पण पिन वाकवून बघू नका, तिथेच तुटते. ठेवायला पॉलिस्टरची किंवा पॉलिथिनची पाकिटं, डब्यात सिलिका जेल, पावसाळ्यात दर पंधरवड्याला जेल वाळवायचं. चांदीच्या पदकाजवळ रबरबँड आणि लोकरी कापड नको, दोन्हीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. डांबरगोळ्या तर डब्यात नकोच.

प्रश्न : एक परदेशी विक्रेता ‘कुर्स्कच्या खलाशाचं ऑर्डर ऑफ करेज’ देऊ करतोय, प्रमाणपत्रासह. घ्यावं का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. हे स्मृतिपदक नाही, शासकीय पदक आहे. कुर्स्कवर ११८ जण होते. कप्तान गेन्नादी ल्याचिन यांना मरणोत्तर रशियन संघराज्याचा वीर हा किताब मिळाला, बाकीच्या ११७ जणांना ऑर्डर ऑफ करेज. ती ११७ पदकं घरच्यांकडे गेली. म्हणजे विक्रेत्याकडचं एकतर खोटं, किंवा कुणाच्या तरी घरातून आलेलं.

रशियाच्या फौजदारी संहितेच्या कलम ३२४ नुसार रशियाची आणि सोव्हिएत संघाची शासकीय पदकं बेकायदा घेणं-विकणं गुन्हा आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी काढलेले बिल्ले आणि पदकं त्यात येत नाहीत. हाच फरक कोम्सोमोलेत्सलाही लावा : त्या बोटीच्या लोकांना मिळालेलं ऑर्डर ऑफ द रेड बॅनर शासकीय, आणि पुढे निघालेले ‘कोम्सोमोलेत्स’ बिल्ले खाजगी.

‘प्रमाणपत्र’ या शब्दाला भुलू नका. खाजगी पदकांबरोबर येणारी लाल पुस्तिका अनेकदा शिक्का-सहीसह, नावाची जागा कोरी ठेवून विकली जाते. कोणी काय लिहिलं त्यावर काहीच ठरत नाही. पैशाचंही बघा : मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलंय, म्हणून तिथले काही विक्रेते तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पैसे मागतात. माल आला नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

प्रश्न : के-१२९ च्या बिल्ल्यावर रशियनमध्ये ‘अणुपाणबुडी’ अर्थाची तीन अक्षरं आहेत. दुर्मीळ चूक म्हणून जास्त किंमत मागतोय. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चूक खरी, दुर्मीळ कशी? के-१२९ डिझेल-विजेवर चालायची. नावातलं ‘के’ अक्षर अणूचं नाही, ‘क्रूझर’ वर्गाचं. ज्याला हे माहीत नाही त्याने साचा केला, एवढाच त्याचा अर्थ. माजी खलाशी असा बिल्ला छातीला लावणार नाही.

अशाच दोन खुणा. रशियन लिपीत ‘स’ रोमन ‘सी’सारखा दिसतो, म्हणून १९६१ मध्ये बुडालेल्या एस-८० च्या बिल्ल्यावर रोमन ‘एस’ असेल तर माल परदेशी गिऱ्हाइकासाठी बनलेला. तारीख रशियात आपल्यासारखीच दिवस-महिना-वर्ष लिहितात. कुर्स्कच्या बिल्ल्यावर महिना आधी असेल तर साचा बहुधा अमेरिकी गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेला. आणि बोटीचं नाव नसलेला, फक्त ‘७ एप्रिल’ लिहिलेला बिल्ला दिसला तर तो रशियात पाळल्या जाणाऱ्या मृत पाणबुडी-सैनिकांच्या स्मृतिदिनाचा असू शकतो. तो दिवस कोम्सोमोलेत्सच्या तारखेवरून ठरला, पण बिल्ला त्या एका बोटीचाच असेल असं नाही.

प्रश्न : आपल्या ‘आयएनएस चक्र’चा रशियन दुर्घटनेशी संबंध होता म्हणतात. तिचे बिल्ले कोणत्या खणात ठेवू? (वाचक, विशाखापट्टणम)

उत्तर : संबंध आहे. २०१२ मध्ये तुमच्याच शहरात भारतीय नौदलात दाखल झालेली चक्र म्हणजे रशियाची के-१५२ नेर्पा. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचणीच्या वेळी आग विझवणारी यंत्रणा विनाकारण सुरू झाली, वायू कप्प्यांत भरला आणि वीसजण गुदमरून गेले. त्यातले सतरा गोदीचे नागरी कामगार.

खण ठरवायला बिल्ल्यावरची तारीख पुरेशी आहे. ०८.११.२००८ असेल तर दुर्घटनेच्या खणात. हस्तांतराची २३.०१.२०१२ किंवा दाखल होण्याची ०४.०४.२०१२ असेल तर भारतीय नौदलाच्या खणात, मग नाव रशियनमध्ये का असेना. बोट एकच असली तरी एका खणात घालू नका. आणि १९८८ ते १९९१ मध्ये भाड्याने घेतलेली पहिली चक्र वेगळी : ती के-४३, आणि तिची सख्खी जात असलेली के-४२९ जून १९८३ मध्ये कामचात्काजवळ बुडून सोळाजण गेले. के-४२९ चा बिल्ला मिळाला तर ‘चक्रची बहीण’ म्हणून विकणारे भेटतील. बहीण खरी, पण चक्र नव्हे.