देशाच्या विज्ञान धोरणाचा गावाकडच्या विकासाशी खरंच काही संबंध असतो का?

असतो, आणि मी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावकडचा असल्यामुळे तो मला रोज दिसतो.

शेजारच्या खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीने, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, कारण इथे रेडिओ गोंगाट, म्हणजे यंत्रांमधून निघून आकाशातल्या संकेतांत मिसळणाऱ्या लहरी, कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. थोडक्यात, इथे कारखाने नव्हते हीच आमची पात्रता ठरली. ती टिकवायची तर पुढेही ते नकोत!

आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की वेल्डिंगची ठिणगीसुद्धा त्यांच्यावर मात करते. म्हणून आसपासच्या सुमारे ३० किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांवर बंधनं आहेत. आमची पोरं कामाला चाकणला जातात. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावहून जाणारा मार्गही दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून बदलायचं ठरलं, आणि आता शिर्डीमार्गे जाण्याची चर्चा आहे. त्यावर इकडे आंदोलनं, पत्रं, सगळं झालं.

मिळालं काय? २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला शाळांच्या प्रदर्शनाची जत्रा भरते. मीही लहानपणी तिथे गेलोय, आणि आकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी 'ऐकता' येतात हे तिथेच पहिल्यांदा कळलं. पण त्याने टोमॅटोचा भाव वाढत नाही.

दुर्बीण हलवा असं मी कधीच म्हणणार नाही. तशी दुसरी जागा सहज सापडणार नाही. माझी तक्रार हिशेबाची आहे. प्रकल्प मंजूर होताना तबकड्यांचा खर्च मांडला जातो, पण जे उभं राहणार नाही त्याचा रकानाच नसतो. गोंगाट न करणारे उद्योग, पर्यटन, शेतमालाची साठवण, यासाठी त्याच मंजुरीत पैसे ठेवता आले असते.

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो हा गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प येतोय. २०२३ मध्ये त्याला केंद्राने सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. त्याला रेडिओची नाही, जमिनीच्या हादऱ्यांची अडचण. तिथल्या मंडळींनी भोवतीची बंधनं आणि त्यांचा मोबदला आत्ताच लेखी मागून घ्यावा. एकदा यंत्र सुरू झालं की बोलणी करायला हातात काही उरत नाही.