काजू तोडून नेपियर लावू का? आधी मे महिन्याचा हिशोब मांडा

नमस्कार शेतकरी मित्रांनो, या पंधरवड्यात दोन प्रश्न आले, दोन्हींचं मूळ एकच आहे म्हणून एकत्र उत्तर देतोय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका दादांकडे 5 गायी आहेत, घरामागे डोंगरावर 2000 चौरस मीटर जुनी काजूची बाग, आणि ते विचारतायत की काजू तोडून तिथे नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच हत्ती गवत लावलं, खालच्या विहिरीचं पाणी पंपाने वर चढवलं तर परवडेल का. दुसरा प्रश्न पेडण्याच्या ताईंचा, सरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापलं की शेत पडीक राहतं, तिळारीच्या कालव्याचं पाणी जवळ आहे, तिथे चारा करू का.

दादा, तुमच्या जमिनीपासून सुरू करतो. नेपियर हेक्टरी 300-400 टन देतं असं तुम्ही लिहिलंय, पण ते सुपीक जमीन, भरपूर खत आणि बारमाही पाणी धरून, आपल्या जांभ्या दगडाच्या उतारावर मी 120 च धरीन. म्हणजे तुमच्या 2000 चौरस मीटरात वर्षाला 24 टन. आता खरी गोम इथे आहे, त्यातला मोठा वाटा पावसात आणि पावसानंतरच्या दोन महिन्यांत येणार, आणि तेव्हा बांधावर, डोंगरावर गवतच गवत असतं, कापून आणायचं तेवढंच. फुकट मिळणाऱ्या गवताच्या जागी घरचं गवत घातलं तर खिशात किती वाचलं? जवळजवळ काहीच नाही. पैसे वाचतात ते जानेवारी ते मे, पेंढा विकत आणता तेव्हा. त्या 5 महिन्यांत समजा 8 टन मिळालं, साधारण 20 किलो चांगल्या हिरव्या चाऱ्याने 1 किलो खुराक (पेंड, भुसा) वाचतो, म्हणजे 400 किलो खुराक, तुमच्या 30 रुपये भावाने 12,000.

आणि जातं काय? 40 झाडं, झाडामागे 3 किलो बी, 120 रुपयांनी 14,400, बोंडवांचे पैसे वेगळेच. त्यावर पंपाचं बिल, कांड्या, खत, आणि रोज एक तास कापणीचा म्हटला तरी त्या 5 महिन्यांत 150 तास. घरचं माणूस राबतं म्हणून त्याचे तास हिशोबात धरत नाहीत हे मला पटतच नाही, ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई असते. पेंढ्याचे थोडे पैसे वाचतील ते जमेला धरा, तरी हे गणित जमत नाही. काजू तोडू नका. शिवाय उतारावर झाडं काढून माती मोकळी केली की पहिल्याच पावसात ती खाली जाते, आणि ती परत आणायला कुठली सबसिडी नाही.

त्यापेक्षा गोठा धुतलेलं पाणी जिथे वाहून जातं तिथेच 400 चौरस मीटरचा तुकडा नेपियरसाठी करा, 60 बाय 50 सेंटिमीटरवर जेमतेम 1,350 ठोंब लागतील, पाणी आणि शेणमूत दोन्ही फुकट. काजूखाली स्टायलो हे चाऱ्याचं पीक टाकून बघा, हलक्या जमिनीत येतं, शेंगवर्गीय आहे म्हणून प्रथिनंही चांगली.

ताई, तुमचं गणित सोपं आहे कारण पडीक शेतातून आज काहीच येत नाही, मग तोट्याचा रकानाच रिकामा. थोड्या भागात मका, दाणा चिकात म्हणजे दुधाळ झाला की कापायचा, आणि बाकी जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळी), शेंगा घरात आणि वेल गुरांना. खर्चात एक गोष्ट मात्र सगळे विसरतात, भात कापल्यावर गावची गुरं मोकळी सुटतात, कुंपण नसेल तर चारा त्यांचाच. कुंपणाला 20,000 गेले आणि 10 वर्षं टिकलं तर वर्षाला 2,000 धरा, शेजारच्या दोघांना घेऊन एकच केलंत तर आणखी कमी. कालवा दुरुस्तीसाठी बंद राहतो ते आठवडेही आधी विचारून घ्या आणि पेरणी त्या बेताने करा.

दोघांनाही एक सांगतो. मागे एका गोठ्यात गेलो होतो, नेपियर पुरुषभर उंच, मालक खूश, पण गव्हाणीत बघितलं तर गायीने पानं खाल्लेली आणि अंगठ्याएवढे जाड दांडे तसेच पडलेले, ते वजन केले तर टाकलेल्या चाऱ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा निघाला. पहिली कापणी 70-75 दिवसांनी, पुढे दर 45 दिवसांनी, आणि कुट्टी करूनच घाला. अगदी कोवळंही घालू नका, त्यात गुरांना बाधणारं ऑक्झलेट जास्त असतं, सोबत अळसांद्याचा वेल असू दे.

चारा डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाय वाढवू नका. यंदा जानेवारी ते मे पेंढा, पेंड, भुसा यावर किती गेले ते वहीत तारखेनिशी लिहा आणि ती वही माझ्याकडे घेऊन या, सोबत एक किलो मातीचा नमुना पण आणा, आपली माती आंबट असते, चुना किती घालायचा ते ठोंब लावायच्या आधी ठरवू.