टी-पेशीचा चाप ओढायचा, पण हळू: ब्लिनाट्युमोमॅब २८ दिवस पंपावर का?

ब्लिनाट्युमोमॅब हे बी-पेशींच्या ल्युकेमियावरचं (रक्ताच्या कर्करोगावरचं) औषध; ते रोगप्रतिकारक टी-पेशींकडून कर्करोगाच्या पेशी मारून घेतं. प्रश्न असा होता: टी-पेशी ल्युकेमियाच्या पेशीला ओळखतच नसेल, तर हे औषध तिच्याकडून मारणं कसं करवून घेतं? आणि इतक्या छोट्या डोससाठी २८ दिवस पंप का? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे आधी रिसेप्टर, म्हणजे टी-पेशीवरचा ओळख पटवणारा रेणू.

टी-पेशीचा रिसेप्टर दोन भागांत काम करतो. बाहेरचा भाग शत्रू ओळखतो, पण आत निरोप पोचवतो तो त्याला चिकटलेला सीडी३ हा रेणू. ब्लिनाट्युमोमॅब ओळखण्याचा भाग वगळून थेट सीडी३ला धरतं आणि दुसऱ्या टोकाने बी-पेशीवरच्या सीडी१९ या खुणेला. म्हणजे त्या टी-पेशीचा मूळ शत्रू कुठला विषाणू होता, याला काही महत्त्व उरत नाही. ल्युकेमियाच्या पेशीने एचएलए (टी-पेशीला ओळख पटवणारे पेशीवरचे रेणू) लपवलं तरी फरक पडत नाही.

नुसतं सीडी३ला चिकटून मात्र चाप ओढला जात नाही, म्हणजे टी-पेशी मारायला लागत नाही, आणि सगळी खुबी इथेच आहे. रेणू लहान आहे, सुमारे ५५ किलोडाल्टन, आणि सीडी३ला धरणारा हात एकच. एकटा हात सीडी३ रेणूंना एकत्र ओढू शकत नाही. दुसरं टोक सीडी१९मध्ये अडकलं की दोन पेशींची कातडी इतकी जवळ येते की सीडी४५ हा लांबट, ब्रेकचं काम करणारा रेणू तिथून बाहेर ढकलला जातो. ब्रेक गेला की एलसीके हे एन्झाइम सीडी३च्या शेपट्यांवर फॉस्फेट लावतं, झॅप-७० हे पुढचं एन्झाइम तिथे येऊन बसतं आणि परफोरिन-ग्रॅन्झाइम या मारक प्रथिनांच्या पिशव्या नेमक्या त्या फटीत रिकाम्या होतात. एक टी-पेशी एकामागून एक अशा अनेक पेशी मारू शकते. जुनी, पूर्ण आकाराची सीडी३-विरोधी अँटिबॉडी लक्ष्य समोर नसतानाही टी-पेशी पेटवायची. इथे ते टळतं.

लहान आकाराची किंमतही आहे. औषधाचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम दोन तास. इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर संध्याकाळपर्यंत चाप सुटलेला असेल. म्हणून अखंड पंप. ४५ किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या, आजार उलटलेल्या रुग्णाला पहिल्या चक्रात दिवसाला ९ मायक्रोग्रॅम सात दिवस, मग २८ मायक्रोग्रॅम अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतर १४ दिवस सुट्टी. सुट्टी वाया जात नाही: सतत चाप ओढलेल्या टी-पेशी थकतात, विश्रांतीने त्यांची ताकद बऱ्यापैकी परत येते.

९ ने सुरुवात का? पहिल्या दिवशी मारायला ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) सर्वांत जास्त असतात, म्हणून सायटोकाइनचा (दाह भडकवणाऱ्या निरोप्या प्रथिनांचा) लोंढाही तेव्हाच मोठा. त्यासाठीच पहिल्या डोसच्या तासभर आधी प्रौढांना २० मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. मॅरोत (अस्थिमज्जेत) ब्लास्ट ५० टक्क्यांवर असतील तर आधी काही दिवस डेक्सामेथासोन देऊन ओझं उतरवतात. उलट, आजार फक्त एमआरडीच्या पातळीवर (केवळ संवेदनशील तपासणीतच सापडेल इतका) उरला असेल तर पहिल्या दिवसापासून २८च चालतं, कारण पेटायला सरपणच कमी.

आता प्रत्यक्षात घोटाळे होतात ते लाइनपाशी, म्हणजे औषध शिरेत नेणाऱ्या नळीपाशी. या लाइनला फ्लश करायचं (सलाईन ढकलून धुवायचं) नाही, कधीच नाही. चार दिवसांची बॅग ताशी २.५ मिलि. वेगाने जाते. लाइनमध्ये २.५ मिलि. द्रव असेल आणि कुणी सवयीने सलाईन ढकललं, तर तासाभराचा डोस काही सेकंदांत रक्तात. त्याच कारणाने या औषधाला स्वतंत्र ल्यूमेन (नळीतला वेगळा मार्ग) हवं. त्यातून रक्त काढू नये, दुसरं काही देऊ नये. दुसरा घोटाळा फार्मसीतला: सोबत येणारा स्टॅबिलायझर पावडर विरघळवायला नसतो. तो आधी सलाईनच्या बॅगेत घालायचा, म्हणजे औषध प्लॅस्टिकला चिकटत नाही. कुपीत ३ मिलि. स्टराइल वॉटर घालायचं आणि हलवायचं नाही, नुसतं हलकेच फिरवायचं. एवढ्या कमी मात्रेत थोडं औषध भिंतीला चिकटलं तरी डोस कोसळतो. पंप चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला, तर पुन्हा सुरू करणं रुग्णालयातच, देखरेखीखाली.

दुसऱ्या दिवशीचा ताप बहुधा सायटोकाइनचा असतो. 'बहुधा' या शब्दावर मात्र विसंबू नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आत, अशा वेळी रक्ताचं कल्चर पाठवून अँटिबायोटिक सुरू करणंच शहाणपणाचं. रक्तदाब घसरला, ऑक्सिजन लागू लागला तर पंप थांबवून डेक्सामेथासोन. गंभीर असेल तर टोसिलिझुमॅब (सायटोकाइनचा परिणाम रोखणारं औषध), ३० किलोंवरच्या रुग्णाला किलोमागे ८ मि.ग्रॅ. मेंदूची लक्षणं वेगळी हाताळतात. हात थरथरणं, शब्द न सुचणं, अक्षर बिघडणं दिसलं की तिथे आधार डेक्सामेथासोनचाच, कारण टोसिलिझुमॅब मेंदूत फारसं पोचत नाही. रोज एक वाक्य लिहून घेण्याची पद्धत फार उपयोगी; घरच्यांना काही दिसायच्या आत बदल कागदावर दिसतो.

कधी काहीच होत नाही, याची कारणं ठरावीक आहेत: ब्लास्टचं ओझं फार, मॅरोबाहेरच्या गाठी, किंवा टी-पेशींमध्ये नियामक (इतरांना आवर घालणाऱ्या) पेशींचाच भरणा. आजार परत आला तर फ्लोमध्ये (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीत) सीडी१९ पुन्हा तपासून घ्या. काही वेळा पेशी सीडी१९ टाकून देते. केएमटी२ए या जनुकात बदल असलेला आजार तर मायलॉइड रूप (ल्युकेमियाचा दुसरा, बी-पेशींचा नसलेला प्रकार) घेऊन येऊ शकतो. आणि फ्लोच्या लॅबला औषध चालू असल्याचं आधी सांगा, कारण बी-पेशी शोधायला ते सीडी१९च वापरत असतील तर उरलेला आजार त्यांच्या नजरेतून निसटेल. सीडी२२ किंवा सीडी२४ वर गेट लावायला, म्हणजे त्या खुणांवरून पेशी निवडायला, सांगणं बरं.