परदेशातलं संशोधन खरंच किती पुढं गेलंय, हे कोल्हापुरात बसून कसं ओळखायचं?

प्रश्न असा होता: "शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) दोन वर्षं आहे. वाळूच्या थ्रीडी प्रिंटिंगवर, म्हणजे ओतकामाचे साचे आणि कोअर वाळूतनं छापण्यावर, युरोप आणि चीनमध्ये काय चाललंय, याचा रिपोर्ट मालकांनी मागितलाय. नेटवर बघावं तर सगळीच 'क्रांती' दिसते. त्यातलं खरं किती, हे कसं ठरवायचं?"

तुमच्या मालकांना आधी माझा नमस्कार सांगा. आमच्याकडं रीत उलटी होती, मशीन आधी यायचं आणि त्याची चौकशी नंतर व्हायची. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीत बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कोअर शॉपमध्ये. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा आकार. पुढं नवीन प्रोसेस तपासायचं काम गळ्यात पडलं. त्यामुळं खाली लिहितोय त्यात पुस्तकातलं कमी आहे आणि ठेच लागून आलेलं जास्त.

काही वर्षांपूर्वी अॅल्युमिनियमच्या एका जॉबसाठी आम्ही परदेशी इनऑरगॅनिक बाइंडर (वाळूचे कण धरून ठेवणारा पदार्थ) घ्यायचं ठरवलं. रेझिनच्या कोअरवर धातू ओतला की धूर आणि वास येतो, तो याला जवळजवळ नाहीच. मी स्वतः तीन पेपर वाचले, तिन्ही चांगल्या संस्थांचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रायल घेतल्या. कोअर खणखणीत. मे महिन्यात ऑर्डर दिली आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैत हाल असे, की पहिल्या शिफ्टला काढलेला कोअर दुसऱ्या शिफ्टला हातात घेतला तर कडा भुरभुर सुटायच्या. कास्टिंगमध्ये वाळू, ब्लोहोल (गॅसनं पडलेली भोकं), आणि रिजेक्शनचा ढीग.

हे बाइंडर मुळात सोडियम सिलिकेटचं, म्हणजे आपल्या जुन्या वॉटरग्लासच्या घराण्यातलं. त्यातलं पाणी काढलं की ते घट्ट होतं आणि हवेतनं पाणी मिळालं की परत ढिलं पडतं. तेच पेपर पुन्हा काढून बसलो. एका आलेखाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नमुने ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवले होते. कोल्हापुरात जुलैत ती नव्वदीच्या आसपास असते, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पेपर खोटा नव्हता हो, मीच तो नीट वाचला नव्हता. डिह्युमिडिफायर लावलेली खोली पाहिजे, हे पुरवठादारानंही ऑर्डर मिळाल्यावर सांगितलं.

तेव्हापासून निष्कर्ष मी शेवटी वाचतो. आधी प्रयोग कसा केला ते बघतो: वाळू कुठली, कोअर किती मोठा, किती नग केले, किती तास ठेवले आणि धातू कुठला ओतला.

धातूचा मुद्दा तुमच्या विषयात फार मोठा आहे. वाळूच्या प्रिंटिंगचं नाव निघालं की बीएमडब्ल्यूचं उदाहरण पुढं येतंच. त्यांनी जर्मनीतल्या लांड्सहूटच्या फाउंड्रीत इंजिनच्या सिलिंडर हेडचे कोअर छापायला घेतले, तेही इनऑरगॅनिक बाइंडरनं, चालू उत्पादनात. बातमी खरी आणि काम जबरदस्त. पण ते हेड अॅल्युमिनियमचं आहे, ओतायचं तापमान ७०० अंशांच्या आसपास. शिरोलीत निम्म्याहून जास्त भट्ट्यांत ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडच, वितळतं, १४०० अंशांच्या घरात. एवढ्या तापमानाला वाळू कशी वागेल, कोअर आतून किती सहज निघेल, गॅस किती होईल, हे सगळे प्रश्न नव्यानं उभे राहतात. तुमच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक उदाहरणापुढं 'धातू' असा एक रकाना ठेवा. निम्मी यादी तिथंच गळेल.

आता पेटंट. बरेच जण पेटंटचे आकडे मोजतात आणि 'चीन पुढं गेला' असं लिहून मोकळे होतात. चीनमध्ये वर्षाला दहा लाखांहून जास्त पेटंट अर्ज होतात, पण त्यातले बहुतेक चीनबाहेर कुठंच दाखल होत नाहीत. शिवाय तिथं 'युटिलिटी मॉडेल' नावाचा एक हलका प्रकार आहे, त्याची सखोल छाननी होत नाही आणि मुदतही १० वर्षांचीच. म्हणून आकडा सोडा, दोन गोष्टी बघा. एक, तोच शोध दुसऱ्या किती देशांत दाखल केलाय. प्रत्येक देशात फी, वकील, भाषांतर असा खर्च असतो, आणि मनापासून विश्वास असल्याशिवाय कोणी तो करत नाही. दुसरी, ते पेटंट जिवंत ठेवायची फी अजून भरतायत का. पाच वर्षांत फी बंद केली असेल तर त्या कंपनीनंच आपल्या शोधाबद्दलचं मत सांगून टाकलंय, तुम्ही वेगळं शोधू नका.

शोधायला युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पासनेट फुकट आहे, चिनी आणि जर्मन मजकुराचं मशीन भाषांतरही तिथंच होतं. शब्द टाकून शोधलं तर मात्र फसाल, कारण जर्मन माणूस 'सँड प्रिंटिंग' लिहीत नाही. वर्गाचा कोड टाका. साच्यांचं आणि कोअरचं काम बी२२सी या वर्गात येतं, थ्रीडी प्रिंटिंग बी३३वाय मध्ये. दोन्ही एकत्र टाका, भाषेची भिंत निम्मी पडते. अर्ज दाखल झाल्यापासून तो प्रसिद्ध व्हायला साधारण १८ महिने जातात. म्हणजे आज तुम्हाला दिसतं ते दीड वर्षापूर्वीचं चित्र.

आणि हे मालकांना आवर्जून सांगा: पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं. भारतात दाखलच केलेलं नसेल, तर इथं वापरायला अडचण नाही; माल मात्र त्या देशात पाठवणार असाल तर वकिलाला विचारा. भारतात आहे का ते इथल्या पेटंट कार्यालयाच्या 'इनपास'वर दिसतं. जुनी पेटंटं तर संपलेलीच असतात. पावडरचा थर पसरायचा, त्यावर छपाईच्या हेडनं बाइंडर टाकायचं, या मूळ कल्पनेचा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा अर्ज १९८९चा, पेटंट मिळालं १९९३ला. त्याची मुदत कधीच संपली. 'नवं तंत्रज्ञान' म्हणून जे विकलं जातंय त्याचा पाया असा पस्तीस वर्षं जुना आहे. नवं आहे ते वेगात, बाइंडरमध्ये आणि छपाईनंतर वाळू झाडण्यात.

मोठमोठ्या देशांचाही यात अंदाज चुकतो, म्हणून तुमचा चुकला तर मनाला लावून घेऊ नका. जपाननं १९८२ मध्ये 'पाचव्या पिढीचा संगणक' नावाचा दहा वर्षांचा सरकारी प्रकल्प काढला. अमेरिका हादरली, ब्रिटन हादरलं, दोघांनी आपापले कार्यक्रम उभे केले. १९९२ ला जपानचा प्रकल्प संपला, पण जग ज्या संगणकांवर चाललं ते वेगळेच निघाले. उलटी चूकही होते. २०११ मध्ये एका मुलाखतीत बीवायडी या चिनी गाड्यांच्या कंपनीचं नाव निघताच टेस्लाचे इलॉन मस्क चक्क हसले होते. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या टेस्लापेक्षा बीवायडीनं जास्त विकल्या.

तारखांवरही नजर ठेवा. टोयोटाची सॉलिड स्टेट बॅटरी २०१७ मध्ये '२०२० नंतर लगेच' येणार होती, २०२३ मध्ये तीच तारीख २०२७-२८ झाली. यात लबाडी असतेच असं नाही, प्रयोगशाळेतली एक बॅटरी आणि कारखान्यातल्या लाख बॅटऱ्या यांत तेवढं अंतर असतं. पण तारीख किती वेळा सरकली हे रिपोर्टमध्ये लिहायला विसरू नका.

अमेरिकेनं एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. ऐंशीच्या दशकात जपानच्या धास्तीनं त्यांनी जेटेक नावाचा कार्यक्रम सुरू केला, पुढं त्याचाच डब्ल्यूटेक झाला. विषयातली काही जाणकार माणसं घ्यायची, परदेशातल्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष बघायच्या आणि जे दिसलं ते लिहून सगळ्यांसाठी खुलं करायचं. थ्रीडी प्रिंटिंगला तेव्हा 'रॅपिड प्रोटोटायपिंग' म्हणायचे. युरोप आणि जपानमधल्या त्या कामावरचा त्यांचा अहवाल १९९७ चा आहे. जमलं तर वाचा. यंत्रं जुनी झाली, पण प्रश्न कसे विचारायचे ते अजून शिकता येतं.

आपल्याला एवढं परवडत नाही, पण छोट्या प्रमाणात जमतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गीफा हे फाउंड्रीचं प्रदर्शन भरतं. २०१९ ला आम्ही पाच फाउंड्रींची पाच माणसं मिळून गेलो. पहिले दोन दिवस सगळे एकाच स्टॉलवर तोंड उघडं टाकून उभे, आणि मी एकट्यानं साडेसात किलो कॅटलॉग गोळा केले (ते अजून तसेच आहेत, पिशवीसकट). तिसऱ्या दिवशी अक्कल आली. प्रत्येकानं वेगळा विषय घेतला आणि स्टॉलवरच्या सुटाबुटातल्या माणसाला सोडून डेमो चालवणाऱ्या ऑपरेटरला गाठायचं ठरलं. प्रिंट हेड किती दिवसांनी बदलावं लागतं, पार्ट कुठनं येतो, वाळू परत किती वापरता येते, याची खरी उत्तरं त्याच्याकडंच असतात. त्यालाही बरं वाटतं, दिवसभर त्याला कोणी काही विचारलेलं नसतं.

सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: ज्यानं पहिलं मशीन घेतलं, त्यानं दुसरं घेतलं का? पहिलं मशीन सरकारी अनुदानातनं येतं, संशोधन प्रकल्पातनं येतं, कधी नुसत्या हौसेनं येतं. दुसरं फक्त हिशोबानं येतं. युरोपियन युनियनच्या पैशातनं झालेले प्रकल्प कॉर्डिस या साइटवर सापडतात, भागीदार आणि बजेटसकट. भागीदारांत एखादी चालती फाउंड्री आहे का ते बघा. असली तर प्रकल्प संपल्यावर तिनं ते काम चालू ठेवलं का, हे तिच्याच वेबसाइटवरनं आणि नोकरीच्या जाहिरातींवरनं कळतं. प्रिंटर चालवायला माणूस मागतायत म्हणजे प्रिंटर चालू आहे.

तुमच्यापुरतं माझं मत विचाराल तर आत्ता मशीन घेऊ नका. कोअर शूटर, म्हणजे हवेच्या दाबानं वाळू भरून कोअर काढणारं नेहमीचं मशीन, मिनिटा-दोन मिनिटाला कोअर देतं, प्रिंटरचा बॉक्स भरायला तास लागतात. एकाच जॉबचे हजारो नग काढायचे असतील तर गणित बसत नाही. डेव्हलपमेंटचे पाच-दहा नग असतील, किंवा गुंतागुंतीचा कोअर असेल आणि पॅटर्न-कोअरबॉक्स (साचा आणि कोअर ज्यावरनं काढतात ते नमुने) बनवायला महिना जाणार असेल, तर मात्र बसतं. तसा एक जॉब निवडा. छापलेले कोअर बाहेरनं करून घ्या, भारतात ही सोय आहे. तुमच्याच भट्टीतलं लोखंड ओता, आणि पॅटर्नचा खर्च, दिवस आणि रिजेक्शन शेजारी मांडून मालकांपुढं ठेवा.

आणि ट्रायल जुलैत घ्या.