ठाण्याला राहून अंधेरी पूर्वेला नोकरी: रोज कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येताय, ठाण्याला मावशीकडे राहणार, ऑफिस अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्यापाशी. मोबाइलवरचा नकाशा कधी दादरवरून जायला सांगतो, कधी रस्त्याने. लोकलची धास्ती वाटते, म्हणून रोज रिक्षा परवडेल का, असं विचारलंय.

मी मूळची सांगलीची. २०११ पासून मध्य रेल्वेच्या लाइनीवर राहते, आधी डोंबिवली, आता मुलुंड. पहिली तीन वर्षं माझंही ऑफिस अंधेरी पूर्वेलाच होतं, त्यामुळे हा प्रश्न जवळचा आहे.

रिक्षा विसरा. मीटरवर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये पडतात, पुढचा हिशेब तुम्हीच करा. पैसे सोडले तरी सकाळी नऊला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अडकलात, तर रिक्षावाल्याची अख्खी जीवनकहाणी ऐकून होते. इथे कुणाला "किती लांब?" विचारलं तर उत्तर मिनिटांत येतं, किलोमीटरमध्ये नाही. तीही गाडीची मिनिटं, रस्त्याची नव्हे.

दादरही नको. मुंबई उभी आहे, लोकलच्या मुख्य लाइनी दक्षिणोत्तर धावतात. ठाणं मध्य रेल्वेवर, अंधेरी पश्चिम रेल्वेवर. या दोन लाइनी दादरला भेटतात, म्हणून नकाशा तुम्हाला खाली दादरपर्यंत नेऊन पुन्हा वर आणतो. २०१४च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तोवर आम्ही तसंच जायचो, नाहीतर घाटकोपरला उतरून बसची वाट बघत बसायचो. तुम्ही ठाणे ते घाटकोपर लोकल आणि घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रो करा. मेट्रोची मधली स्टेशनं जागृती नगर, असल्फा, साकीनाका; चौथं तुमचं. मरोळ नाक्याला हल्ली भुयारी मेट्रो ३ सुद्धा मिळते, आरे ते कफ परेड. कधी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) किंवा फोर्टात काम निघालं तर थेट तीच पकडा.

आता लोकल. सगळे तुम्हाला फास्ट पकडायला सांगतील. माझं ऐका, निदान पहिला महिना ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. घाटकोपरपर्यंत फास्टने जेमतेम दहा मिनिटं वाचतात. पण ती फास्ट कल्याण, बदलापूर, कर्जतहून भरून आलेली असते आणि ठाण्याला तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. ठाणा लोकल रिकामी लागते, बसायला मिळू शकतं. इंडिकेटरवर गाडी कुठली, स्लो की फास्ट, किती डब्यांची, सगळं येतं. तरी गाडी लागली की एकदा शेजारणीला "स्लो आहे ना?" विचारून घ्या. वीस वर्षं प्रवास करणाऱ्या बायकाही विचारतात.

माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. डोंबिवलीहून फास्टच्या लेडीज डब्यात कशीबशी शिरले आणि नशिबाने ठाण्याला बसायला मिळालं. समोर उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कुठे?" मला वाटलं, चौकशी करताहेत. मी सांगलीच्या पद्धतीने सविस्तर सांगितलं: अंधेरीला, एमआयडीसीत, अमुक कंपनीत, नुकतीच लागले, मामाकडे राहते. आख्खा डबा हसला. त्यांना फक्त मी कुठे उतरणार तेवढंच हवं होतं, म्हणजे माझी जागा त्यांना. मी "दादर" म्हटल्यावर त्यांनी आपल्या मागे उभ्या असलेल्या मुलीला खुणेनेच "ही माझी" असं सांगून टाकलं. मग कुर्ला गेल्यावर त्यांनीच मला उठवलं: "बॅग पुढे घे. दाराकडे सरक. समोरच्या प्रत्येकीला 'दादर?' विचार, 'हो' म्हणाली तर तिच्या मागे उभी राहा, 'नाही' म्हणाली तर तिला ओलांड." मी लाजून दोघींनाच विचारलं. दादर आलं, उतरणाऱ्या उतरल्या, चढणाऱ्या चढल्या आणि मी जिथल्या तिथे. भायखळ्याला उतरले.

म्हणून सांगते, घाटकोपरला उतरायचं तर विक्रोळी गेली की उठा. फलाट कुठल्या बाजूला येणार ते विचारा आणि त्या दाराच्या रांगेत लागा. "घाटकोपर?" म्हणून खुशाल विचारा, लाजायचं काही कारण नाही. आणि तुम्हाला कुणी "कुठे?" विचारलं तर फक्त स्टेशनचं नाव सांगा!

पहिल्या दिवशी घाटकोपरला उतराल तेव्हा घाबरू नका. मेट्रोकडे जाणारा पूल सकाळी माणसांनी ओसंडत असतो, तुम्हाला वाट शोधावीच लागणार नाही, गर्दीच नेईल. दोन-तीन दिवस एवढंच बघा की कुठला डबा त्या पुलाच्या जिन्यापाशी थांबतो. मग ठाण्यालाही फलाटावर त्याच जागी उभं राहायचं. मुंबईकर फलाटावर ठरावीक खांबाशी उभा दिसतो ना, त्याचं कारण हेच. लेडीज डबे पुढे, मध्ये, मागे असे विभागलेले असतात, त्यामुळे निवड करता येते. फक्त दाराशेजारी फर्स्ट क्लास लिहिलंय का ते बघून चढा. नवीन माणसं हमखास तिथे घुसतात, "अरे वा, इथे गर्दी कमी!" म्हणत, आणि टीसी येतो.

तिकिटाच्या रांगेत रोज उभं राहू नका. पहिल्याच दिवशी महिन्याचा पास काढा, मोबाइलवरही निघतो. मेट्रोचं वेगळं कार्ड घ्या.

पत्ता विचारताना आणि सांगताना पूर्व की पश्चिम हे आधी. रुळांच्या चुकीच्या बाजूला उतरलात तर पलीकडे जायला पूल शोधत फिरावं लागतं. मी एकदा मुलाखतीला अंधेरी पश्चिमेला जाऊन बसले होते, कंपनी पूर्वेला. तुमच्या मावशीचं घर कोपरीला असेल तर ते ठाणे पूर्व, नौपाड्याला असेल तर पश्चिम. स्टेशनातून बाहेर पडायची बाजू त्यावर ठरते. ठाण्यात स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळतात, रांगेत उभं राहायचं, मध्ये घुसलात तर बोलणी बसतात. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे मात्र रिक्षाच नाही, काळी-पिवळी टॅक्सी. तिचं मीटर ३१ रुपयांपासून.

बेस्टची बस लोक उगाच विसरतात. साधी १० रुपयांपासून, एसी १२. समोरचा नंबर मराठी आकड्यांत असतो, आणि बस सुटायच्या वेळी बाकीचे तो लावत बसतात तोवर आपण चढलेलो असतो. एवढा एक फायदा आपल्याला आहे.

रविवारी कुठे जायचं असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी कुठे गाड्या बंद किंवा वळवलेल्या आहेत ते. माटुंगा-मुलुंड हे आमच्या लाइनीचं ठरलेलं दुखणं. पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले तर कुर्ला-सायनला रुळांवर पाणी येतं. अशा दिवशी सगळे निघतात म्हणून निघू नका, ऑफिसातच बसून राहा. फोन चार्ज ठेवा, मावशीला कळवा, पर्समध्ये बिस्किटं असू द्या.

रात्रीचं विचारलंय तेही सांगते. मेट्रो लोकलच्या आधी बंद होते, तेव्हा शेवटच्या मेट्रोची वेळ पाठ असू द्या. लोकल मात्र बारानंतरही थोडा वेळ चालू असते. उशिरा रिकाम्या लेडीज डब्यात एकटीने चढू नका. पोलीस बसलेला डबा बघा, नाहीतर सरळ भरलेल्या जनरलमध्ये चढा. येताना घाटकोपरहून ठाणा स्लोच पकडा. संध्याकाळी कर्जत-कसारा फास्टमध्ये ठाण्याचं माणूस चढलं तर लांबच्या बायका नाकं मुरडतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना अजून तासभर उभं राहायचं असतं.