‘थोडं थोडं’ म्हणजे नक्की किती?

“मॅडम, मला एक सांगा. थोडं थोडं देत ऱ्हायलं, तर लेकराला सवय लागत न्हाई व्हय?”

प्रश्न आजींचा होता. सून शेजारच्या खुर्चीत होती आणि तिच्या मांडीवर बसून सव्वा वर्षाचा बंडू (खरं नाव वेगळं) माझ्या टेबलावरचं कॅलेंडर ओढत होता. जुळे सोलापुरात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी आहार-समुपदेशनाला बसते. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरचे येतात ते बहुधा हाच प्रश्न घेऊन. कुणी आधी विचारतं, कुणी गुपचूप करून बघतं आणि मग येतं. आजींनी दुसरं आधी केलं होतं. बोटाला साय लावून महिनाभर त्या नातवाला चाटवत होत्या, आणि हे सुनेला माझ्यासमोर, त्या क्षणी कळलं.

ती काही बोलली नाही. पोराला उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

आजी मंगळवेढ्याकडच्या. माहेरी-सासरी गोठा भरलेला, पंढरपुरी म्हशी. “माझी पाच पोरं दुधावर वाढली. आन् आता दूध म्हंजी विख?” यात राग कमी आणि अपमान जास्त होता. नातवाला आपल्या हातचं दूध पचत नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. या आजाराची माहिती देताना आम्ही लोक प्रथिनांबद्दल बोलतो आणि हे विसरतो.

बंडूची हकिगत अशी. सहा महिने अंगावरचं दूध. सातव्या महिन्यात म्हशीचं दूध पाणी घालून सुरू केलं. आठवड्याभरात शीमध्ये शेंबडासारखा चिकटा, मग रक्ताचे धागे. गालांवर आणि कोपराच्या वळीत लाल, ओलसर चट्टे. घरात ‘दात येतायत’ म्हणून दोन आठवडे गेले. मग कुणीतरी शेळीचं दूध हलकं म्हणून सांगितलं, तेही देऊन झालं. फरक पडणार नव्हताच. नाव ‘गाईच्या दुधाची ॲलर्जी’ असलं, तरी म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांशी इतकी मिळतीजुळती असतात, की शरीर बहुतेक वेळा सगळ्यांना एकच शत्रू समजतं. डॉक्टरांनी दूध पूर्ण थांबवलं. अंगावर पाजत असल्यामुळे आईच्या खाण्यापिण्यातलंही. चार आठवड्यांत रक्त थांबलं, कातडी निवळली. नंतर ठरवून पुन्हा थोडं दिलं, तर चट्टे परत. निदान पक्कं झालं ते असं. या प्रकाराच्या ॲलर्जीला रक्ताच्या तपासणीचा उपयोग होत नाही. तरी या कुटुंबाने एका प्रयोगशाळेत मोठं पॅकेज करून पैसे घालवलेच होते.

‘या प्रकाराच्या’ म्हटलं, कारण आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच अडतं. दुधाची ॲलर्जी दोन तऱ्हांची असते. एकीत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, छातीत घरघर लागते. दुसरीत सगळं उशिरा, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी: शीत रक्त, जुलाब, इसब. बंडूची दुसरी.

पहिल्या तऱ्हेची एक तीन वर्षांची मुलगी त्याच महिन्यात माझ्याकडे होती. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तिला बासुंदीचा एक चमचा भरवला आणि दहा मिनिटांत तिला श्वास घेता येईना. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचली. तिच्या घरी मी ‘थोडं थोडं’ हे शब्दसुद्धा उच्चारले नाहीत. अशा मुलांना दूध चाखवून बघायचं ते दवाखान्यात, सलाईन आणि इंजेक्शन हाताशी ठेवून, ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर. लॅक्टोज न पचणं हा तर तिसराच विषय. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात, पण ती ॲलर्जी नव्हे. लॅक्टोजमुक्त दुधातही प्रथिनं तीच असतात, त्यामुळे ॲलर्जीच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, “म्हंजी सवय लागतीया, पण समद्यास्नी न्हाई.”

जवळपास बरोबर. फक्त ‘सवय’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर आपोआप ओसरते. उशिरा दिसणारी तर बऱ्याचदा तिसऱ्या वर्षापर्यंतच. ती गेली की गेली. दुसरी गोष्ट म्हणजे तीव्र ॲलर्जीच्या काही मुलांना तज्ज्ञ डॉक्टर थेंबाथेंबाने मोजून दूध वाढवत नेतात, ती उपचारपद्धत. तिथे शरीर दूध सहन करायला शिकतं, पण तालमीसारखं. रोजचा डोस चुकला, तर कमावलेलं जाऊ शकतं. बंडूला तालीम द्यायची नव्हती. त्याची ॲलर्जी कुठवर ओसरली आहे ते एकेक पायरी चढून बघायचं होतं. साय चाटवण्यात पायरीच नव्हती. आजी थेट वरच्या मजल्यावरून सुरुवात करत होत्या.

दूध भट्टीत तापलं, की त्यातली व्हे प्रथिनं (दूध नासल्यावर पाण्यात उतरतात ती) उलगडून बदलतात आणि शरीराला पूर्वीसारखी ओळखू येत नाहीत. दुधाच्या प्रथिनांत साधारण ८० टक्के वाटा असलेलं केसिन मात्र उष्णतेला दाद देत नाही. तरी गव्हाच्या पिठात मिसळून ते १८० अंशांवर अर्धा तास भाजलं, तर पिठातल्या चिकाशी (ग्लुटेनशी) बांधलं जातं आणि पचताना कमी त्रास देतं. यावरच ‘दुधाची शिडी’ उभी आहे. ती आधी बारा पायऱ्यांची होती, २०१७ साली सहांवर आली: बिस्किट, मफिन, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. सौम्य, उशिरा दिसणाऱ्या ॲलर्जीसाठी ती घरी वापरता येते. तीही मूल ठणठणीत असताना आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

शिडीचा छापील कागद मी सुनेला वाचून दाखवला. पॅनकेकवर ती थांबली. “मॅडम, हे आमच्यात कोण करतंय?” मग आम्ही तिघींनी बसून त्या शिडीचं सोलापुरी भाषांतर केलं. बिस्किटाच्या जागी नानकटाई, मफिनच्या जागी साधा कणकेचा केक. पॅनकेकला काय, हे आजींनीच सांगितलं: दशमी. दुधात भिजवलेलं पीठ, तव्यावर दोन्हीकडून भाजलेलं. त्यानंतर पराठ्यातलं पनीर, कढी, मग दही आणि शेवटी उकळलेलं दूध. डॉक्टरांनी यादीवर नजर टाकून सही केली. नानकटाईचं माप त्यांनीच घातलं: वीस नगांच्या पिठात एक छोटा चमचा दूध पावडर. तूप नाही, कारण तुपातही प्रथिनांचा अंश राहतो. वनस्पती तूप चालेल. पहिल्या दिवशी पाव नानकटाई, सकाळी. म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं.

भट्टीसाठी मी बेकरी सुचवली. दिवाळीत बायका पीठ नेऊन नानकटाई भाजून आणतात तशी. चूक माझी. आजी सोबत गेल्या म्हणून बरं. कारागिराने तकाकी यावी म्हणून ट्रेवर वरून दुधाचा हात फिरवला आणि आजींनी अख्खा घाणा तिथेच वाटून टाकला. पुढचे सगळे घाणे घरी झाले, कुकरच्या तळाला मीठ घालून, शिट्टी काढून, नानकटाई आतपर्यंत कोरडी होईतो.

त्या दिवसापासून या घरात काहीतरी हललं. तोवर सून पोराच्या ताटाजवळ कुणाला येऊ देत नव्हती. तिनं स्वतः आठ महिने दूध-दही सोडलं होतं, कोरा चहा पीत होती, आणि कॅल्शियमची गोळी घेते का विचारलं तर “राहिलंच” म्हणाली. वजन पाच किलोंनी उतरलेलं. तिची गोळी त्याच दिवशी सुरू केली. बंडूला नाचणीची पेज आणि तिळाची पूड. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि १०० ग्रॅम नाचणीत त्यातलं साडेतीनशेच्या आसपास असतं, पण एवढी नाचणी हे वय कुठलं खातंय? म्हणून त्यालाही औषध होतंच.

आणि एक वही. तीत आजीही लिहिणार. काय खाल्लं, किती, किती वाजता, शी कशी, कातडी कशी. “मला कुठं नीट ल्ह्यायला येतंय” म्हणणाऱ्या आजींचं अक्षर सुनेपेक्षा मोठं आणि स्पष्ट निघालं.

नानकटाई तीन आठवड्यांत पार पडली. केकही. दशमीला गाडी अडली. तिसऱ्याच दिवशी कोपराच्या वळीत चट्टे आणि शीत चिकटा. सून रडत आली. “आत्या म्हणतात एक दिवस थांबू, मी म्हणते सगळंच बंद करू.” वही उघडली. त्या आठवड्यात बंडूला सर्दी-ताप होता, आणि तिसऱ्या दिवसापुढे आजींच्या अक्षरात ‘ज्वारीची दशमी १’. त्यांच्या हाताला दशमी म्हणजे ज्वारीचीच. पण ज्वारीत गव्हासारखा चिक नसतो आणि आजारपणात मुलाची सहन करण्याची पातळी खाली येते. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आजींना वाटलं, मी त्यांना बोलणार. मी एवढंच म्हटलं, की हे लिहिलं नसतंत तर आपल्याला कळलं नसतं.

डॉक्टरांना विचारून एक पायरी खाली, केकवर. सगळं बंद नाही. जे पचतंय ते चालू ठेवायचं. दीड महिन्याने गव्हाची दशमी, आधी चतकोर.

मध्ये जानेवारीत गड्डा यात्रा आली. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर पेढ्याचा प्रसाद पुढे आला, तो आजींनी नातवाच्या कपाळाला लावला आणि स्वतः खाल्ला. शेजारी म्हैस व्यायली तेव्हा खरवसाची वाटी घरात आली. सुनेला वाटलं, वाफवलेला आहे, चालेल. आजींनी वाटी फडताळात वर ठेवून मला फोन केला. खरवस चिकाचा, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाचा; त्यात व्हे प्रथिनं नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त. तो दुधाच्याही पलीकडे.

दशमी दुसऱ्या खेपेला पचली. पनीर, कढी, मग दही. दह्यावर आम्ही दोन महिने मुद्दाम रेंगाळलो, कारण बंडूला दहीभात इतका आवडला, की घाई कुणालाच नव्हती. परवा तो सव्वादोन वर्षांचा झाला आणि डॉक्टरांनी उकळलेल्या दुधाला परवानगी दिली. पेला आजींनी भरला.

बंडूने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळं फ्रॉकसारख्या लांब झबल्यावर सांडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चट्टे नाहीत, शी चांगली, फक्त चव आवडत नाही. लहानपणी दूध न चाखलेल्या मुलांत हे नेहमी दिसतं.

आजींचा फोन आला. “मॅडम, येवढं चढवलं, आन् ह्यो थुकतोय की!”

मी म्हटलं, दही खातोय ना, ताक पितोय ना, मग तेच रोज चालू ठेवा. दशमी दुधातच भिजवत जा.

“ज्वारीची चालंल का आता?”

चालेल म्हटलं.